पदच्छेद

गुरू ग्रंथ साहिबाची जुनी हस्तलिखित प्रत पहिल्यांदा पाहणाऱ्याचे डोळे गोंधळतात. शब्दाशब्दांमध्ये जागाच नसते. ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत अक्षरं एकमेकांना चिकटून उभी. या लिखाणाला ‘लडीवार’ म्हणतात. शब्द कुठे संपतो आणि पुढचा कुठे सुरू होतो, हे वाचणाऱ्यानं ओळखायचं. भलत्या जागी तोडलं की अर्थ भलतीकडे जातो. विसाव्या शतकात शब्द सुटे करून छापलेल्या प्रती सर्वत्र रूढ झाल्या. तरीही पाठ नीट शिकायचा तर जाणकारापुढे बसावं लागतं, त्याच्या तोंडून ओळ ऐकून ती जशीच्या तशी म्हणून दाखवावी लागते. याला ‘संथिया’ म्हणतात. वेदपाठशाळेतली ‘संथा’ ठाऊक असलेल्या मराठी वाचकाला ही रीत वेगळी समजावून सांगायला नको.

माझी संथिया नांदेडला झाली. १९८० साली, बारा वर्षांची असताना, मी पहिल्यांदा ग्यानीजींसमोर पोथी घेऊन बसले. ते गेले १९९८ साली. मधल्या अठरा वर्षांत त्यांनी मला शब्द कुठे तोडायचा आणि कुठे जोडायचा हे शिकवलं. ते बाणीपुरतं, म्हणजे ग्रंथातल्या पदांपुरतं होतं असं तेव्हा वाटायचं. आज वाटतं, वारशानं आलेला धर्म हाही एक लडीवार मजकूरच असतो. त्यात गुरूंचे शब्द असतात, घराण्याची रीत असते, गावाची सवय असते, आजीचं भय असतं, आणि हे सगळं एकमेकांना असं चिकटून आपल्या हाती येतं की कुठे काय संपतं ते कळत नाही. ते सोडवून वाचायला मला ज्यांनी शिकवलं, त्यांचं हे ऋण.

आम्ही नांदेडचे दखनी शीख. गुरू गोविंदसिंगांनी १७०८ साली गोदावरीच्या काठी, इथेच देह ठेवला आणि आपल्यामागे गुरुपद ग्रंथाला दिलं. महाराजा रणजितसिंगांनी १८३२ पासून इथं तख्ताची, म्हणजे मुख्य गुरुद्वाऱ्याची इमारत उभी करायला घेतली. त्या काळात पंजाबातून कारागीर आले, निजामाच्या चाकरीसाठी सैनिक आले. त्यांच्यातले बरेच परत गेलेच नाहीत. माझा कुणी खापरपणजोबा त्यांतलाच. घरात आम्ही दखनी हिंदी बोलायचो, तिच्यात पंजाबी मिसळलेली. शाळेत मराठी. गुरुद्वाऱ्यात गुरुमुखी. पहाटे गोदावरीचं पाणी घागरीतून तख्ताकडे जायचं, दसऱ्याला हल्लाबोलची मिरवणूक निघायची, आणि तिच्यातल्या घोड्यांच्या टापा ऐकताना माझ्या छातीत जे व्हायचं त्याला मी श्रद्धा समजायचे. ती श्रद्धा नव्हती असंही आज म्हणवत नाही. पण तिच्यात प्रश्न नव्हता.

प्रश्न विचारायची खोड मला लागली तीही घरातच. बीजी, माझी आजी, भल्या पहाटे जपजीचा पाठ म्हणायची. मी विचारलं, “बीजी, याचा अर्थ काय?” ती म्हणाली, “अर्थ नाम में है.” मी विचारलं, “नाम का अर्थ?” तिनं माझ्या डोक्यावर टपली मारली. तिच्या मनात राग नव्हता. तिला कुणी कधी अर्थ सांगितलाच नव्हता, आणि नसलेलं ती देणार कुठून. वडिलांनीच मग ग्यानीजींना विचारलं, पोरीला संथिया द्याल का?

ग्यानीजी मूळचे लायलपूरकडचे. फाळणीत सगळं मागे टाकून आले, आधी अमृतसर, मग मनमाड, मग नांदेड. एकटेच राहायचे. निर्मळा पंथाच्या एका साधूकडे त्यांची संथिया झालेली होती. गुरुद्वाऱ्याजवळच्या गल्लीत त्यांची एक खोली होती. कोपऱ्यात स्टोव्ह, खिडकीशी प्रोफेसर साहिबसिंगांच्या ‘गुरु ग्रंथ साहिब दर्पण’चे दहा खंड, आणि त्यांच्यावर कापडी बांधणीची एक लाल वही, व्यापारी वापरतात तसली.

पहिल्याच दिवशी त्यांनी मला एक ओळ तीनदा म्हणायला लावली. मी एक शब्द चुकीच्या जागी तोडत होते. त्यांनी दुरुस्त केलं. मी विचारलं, “इथंच का?” एखाद्यानं म्हटलं असतं, कारण असंच आहे. ते म्हणाले, “मेरे उस्ताद ने यहीं तोड़ा. क्यों तोड़ा, मुझे नहीं पता. पता चला तो बताऊँगा.”

मोठं माणूस ‘मला माहीत नाही’ म्हणतं, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

पुढच्या वर्षी आमच्या मराठीच्या सरांनी वर्गात नामदेव शिकवायला घेतले. नामदेव पंजाबात गेले, तिथं बरीच वर्षं राहिले, आणि त्यांची ६१ पदं शिखांच्या ग्रंथात आहेत असं सर म्हणाले, आणि सगळा वर्ग माझ्याकडे बघायला लागला. मला ते ठाऊक नव्हतं. ‘भगत नामदेव’ मी रोज ऐकत होते. पण ते पुस्तकातले विठ्ठलाचे नामदेवच, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. त्या संध्याकाळी मी धावत ग्यानीजींकडे गेले. त्यांनी धनासरी रागातलं नामदेवांचं एक पद काढलं आणि ते वाचू लागले. एका ठिकाणी ते ‘ता’ म्हणाले, थांबले, आणि मग ‘चे’ म्हणाले. पोथीत ते दोन शब्द सुटे छापलेले होते.

मी म्हटलं, “ग्यानीजी, हे दोन नाहीत. ‘ताचे’ आहे. आम्ही ‘त्याचे’ म्हणतो ना, तेच.”

ते माझ्याकडे बघत राहिले. अर्थ त्यांना माहीत होता. ‘उसके’ असा तो उस्तादांनी सांगितलेला होता. पण ‘चे’ कुठून आला, हे त्यांना उभ्या आयुष्यात कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी मला ते पुन्हा म्हणायला लावलं. मग विचारलं, तुमच्या भाषेत ‘ची’ पण होतं का? ‘चा’ पण? मी म्हटलं, हो, बाईला ची, पुरुषाला चा. त्यांनी लाल वही उघडली आणि काहीतरी लिहिलं. दुसऱ्या दिवशी चार मोठी मुलं संथियाला आली होती. त्यांच्यासमोर त्यांनी मला ते पद वाचायला लावलं आणि म्हणाले, “आज यहाँ की उस्ताद ये है.”

तेरा वर्षांच्या पोरीला याहून मोठं काय मिळायचं? पण मला मिळालं ते कौतुकापेक्षा मोठं होतं. माझी शाळेतली भाषा आणि माझा ग्रंथ यांच्यातली भिंत पडली. बाहेरचं म्हणून बाजूला ठेवलेलं काहीतरी आतच होतं, आणि ते ओळखायला बाहेरचं ज्ञान लागलं.

त्यानंतर माझे प्रश्न वाढले. सेवेच्या काही जागा बायकांना बंद असतात, हे मला टोचायला लागलं. सकाळी ‘आसा दी वार’ गायली जाते. तिच्यात गुरू नानक विचारतात की जिच्यापासून राजे जन्मतात तिला हलकी का म्हणायचं. तेच ऐकून बाहेर पडलं की काही उंबरठे माझ्या भावाचे आणि काही माझे नाहीत. मी बीजीला विचारलं. ती म्हणाली, रीत आहे. आत्याला विचारलं. ती म्हणाली, पोरीनं एवढं विचारू नये. ग्यानीजींना विचारलं तेव्हा ते बराच वेळ गप्प बसले.

मग म्हणाले, “बाणीत मला असं कुठं सापडलेलं नाही. ही रीत आहे. रीत मोडायची ताकद माझ्यात नाही, पुत्तर. मी रोटी तिथलीच खातो. पण ही रीत बाणीत आहे असं खोटं मी तुला सांगणार नाही.”

या चार-पाच वाक्यांत त्यांनी बाणी, रीत आणि स्वतःची भीती, तिन्ही वेगवेगळी करून माझ्यासमोर ठेवली. बाकीच्या सगळ्यांनी मला ती एकच शब्द म्हणून दिली होती. ते शूर नव्हते, आणि शूर असल्याचा आव त्यांनी आणला नाही. त्या वयात मला राग आला होता, एवढं कळतं तर बोलत का नाहीत म्हणून. आज मी त्यांच्या त्या वेळच्या वयाच्या जवळ आले आहे. माझी रोटी जिथली आहे तिथं मी किती बोलते, हे मला माहीत आहे.

आत्या एकदा त्यांच्याकडे तक्रार घेऊन गेली. ही पोर उलट विचारते, हिला आवरा. ग्यानीजींनी तिला शेख फरीदांचे श्लोक काढून दाखवले. फरीद देह झिजवण्याविषयी बोलतात, आणि लगेच पुढे गुरू नानकांचा श्लोक येतो, की देह असा जाळू नकोस. गुरू अर्जनदेवांनी १६०४ साली ग्रंथ सिद्ध केला तेव्हा फरीद गाळले नाहीत आणि त्यांच्याशी असलेला मतभेदही गाळला नाही. बोलणं आणि त्यावरचं बोलणं, दोन्ही एका बांधणीत ठेवलं. ग्यानीजी आत्याला म्हणाले, “जिथं माथा टेकता, तिथं आत बघा. एक दुसऱ्याला म्हणतो, मला असं वाटत नाही.” आत्याचं समाधान झालं नाही. माझं झालं. वाद घालणारी मी काही घरभेदी नव्हते.

मग १९८४ आलं.

आईचा धाकटा भाऊ दिल्लीत, यमुनेपलीकडच्या वस्तीत राहायचा. सुतारकाम करायचा. नोव्हेंबरच्या पहिल्या तीन दिवसांत त्या शहरात शिखांचं जे हत्याकांड घडलं ते सगळ्यांना ठाऊक आहे. मृतांचा सरकारी आकडा एकट्या दिल्लीचा २,७३३ आहे. त्या आकड्यात मामा आहे. आम्हाला कळलं ते आठवड्यानंतर, शेजाऱ्याच्या पत्रानं. आईनं पत्र वाचून घडी घातली, पदराला बांधलं, आणि तव्यावरची पोळी उलटली. माझ्या डोळ्यांपुढे आजही ती पोळी आहे.

घरी पाठ ठेवला. भोगाच्या, म्हणजे पाठाच्या समाप्तीच्या दिवशी ग्यानीजींनी अरदास, शेवटची प्रार्थना, केली. अरदास संपते ती ‘सरबत दा भला’ या मागण्यावर, सगळ्यांचं भलं होवो. तिथवर येऊन ते थांबले. खोलीत माणसं हात जोडून उभी होती. तो थांबा इतका लांबला की वडिलांनी डोळे उघडून पाहिलं. मग ग्यानीजी हळू आवाजात ते शब्द म्हणाले. मी म्हटले नाहीत. सोळा वर्षांत पहिल्यांदा मी अरदास अर्धी सोडली.

सगळे गेल्यावर मी त्यांना गाठलं. “तुम्ही म्हणालात कसं? ज्यांनी मामाला जाळलं, त्यांचंही भलं?”

ते म्हणाले, “मुँह ने कहा है, पुत्तर. दिल से पूछूँगा तो अभी मना कर देगा.” थोड्या वेळानं म्हणाले, “सैंतालीस में छह महीने मैं यहीं अटकता था.”

सत्तेचाळीसविषयी ते माझ्याशी बोलले ते एवढंच. याहून जास्त तेव्हा नाही आणि पुढेही कधी नाही. मी विचारलं, “मग आता मी काय करू? म्हणू की नको?” ते म्हणाले, “झूठा मत कह. पर छोड़ के मत जा. चुप खड़ी रह.”

मग कितीतरी वर्षं मी तशीच उभी राहिले. अरदासीत सगळ्यांबरोबर हात जोडायचे आणि शेवटच्या शब्दांशी तोंड मिटायचे. कुणाच्या लक्षात यायचं नाही, त्यांच्या यायचं. एकदाही त्यांनी विचारलं नाही.

एम. ए. करायला मी पुण्याला गेले. विद्यापीठाच्या ग्रंथालयात मला डब्ल्यू. एच. मॅक्लाउड यांचं गुरू नानकांवरचं, १९६८ सालचं पुस्तक मिळालं. जनमसाख्यांमधल्या, म्हणजे गुरू नानकांच्या पारंपरिक चरित्रांमधल्या कथा त्यांनी एकेक करून इतिहासाच्या कसोटीला लावल्या होत्या आणि निश्चित म्हणता येईल असं फार थोडं उरतं, असा निष्कर्ष काढला होता. पंजासाहिबला गुरूंनी हातानं थांबवलेली शिळा, मक्केत त्यांच्या पायांच्या दिशेनं फिरलेलं पवित्र स्थान, माझं सगळं बालपण ज्या गोष्टींवर वाढलं त्या, हातातून वाळू जावी तशा गेल्या. मला नुसतं दुःख झालं असतं तर बरं झालं असतं. मला लाज वाटली, की मी हे खरं मानत होते. त्याच महिन्यात मी केस कापले. खांद्यापर्यंत. प्रश्नाला उत्तर म्हणून नाही, वैतागानं.

नांदेडला आले तेव्हा बीजीनं माझ्याकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं. मरेपर्यंत ती माझ्या केसांविषयी एक शब्द बोलली नाही, आणि माझ्याशीही फारसं नाही. ग्यानीजींकडे जायला मला चार दिवस लागले. त्यांनी दार उघडलं, पाहिलं, आणि त्यांचा चेहरा उतरला. म्हणाले, “मला वाईट वाटलं. वाटलं नाही असं म्हणणार नाही.” मग आत वळले, पोथी काढली, रुमाल उलगडला आणि विचारलं, “आपला पाठ कुठे थांबला होता?”

दुखावल्याचं त्यांनी लपवलं नाही आणि दारही लावलं नाही. ही दोन कामं एकाच वेळी करता येतात, हे मला तोवर माहीत नव्हतं. माझ्या घरात दुखावलेलं माणूस दार लावत असे.

मी त्यांना मॅक्लाउडविषयी सांगितलं. वाटलं होतं चिडतील. पंजाबात त्या पुस्तकावर किती राग होता ते मला कळलं होतं. ते म्हणाले, वाचून दाखव. त्या सुटीत रोज संध्याकाळी मी इंग्रजी पान समोर ठेवून हिंदीत सांगायचे आणि ते ऐकायचे. मध्येच थांबवून विचारायचे, हे तो कशावरून म्हणतो? कुठली साखी, किती जुनी? काही ठिकाणी म्हणायचे, इथं याला बाणी कळलेली नाही. काही ठिकाणी नुसते हुंकार द्यायचे. शिळेची कथा आली त्या दिवशी ते उठले आणि खिडकीशी जाऊन उभे राहिले. चाळीस वर्षं ती कथा त्यांनी संगतीला, जमलेल्या भाविकांना, सांगितली होती.

त्यानंतरचा बदल माझ्याशिवाय कुणाच्या ध्यानात आला असेल असं मला वाटत नाही. आधी ते कथा सुरू करताना म्हणायचे, “एक बार ऐसा हुआ.” आता म्हणायला लागले, “साखी में आता है.” एवढंच. कथा तीच, आवाज तोच, ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांतलं पाणीही तेच. फक्त जे त्यांना माहीत नव्हतं ते माहीत असल्याची साक्ष त्यांनी द्यायची बंद केली. सत्तरीच्या घरातल्या माणसानं, नातीच्या वयाच्या विद्यार्थिनीनं आणलेल्या परक्या पुस्तकावरून, आपल्या जन्मभराच्या वाक्याचा पहिला तुकडा बदलला. मला नंतर पुष्कळ विद्वान भेटले. असं करणारा दुसरा भेटलेला नाही.

आणि गंमत अशी नाही, तर नवल असं, की त्या बदललेल्या वाक्यानंच त्या कथा मला परत मिळाल्या. ‘असं झालं’ म्हटलं की मला भांडावं लागायचं. ‘साखीत असं येतं’ म्हटलं की मी ऐकू शकत होते, माणसांना आपला गुरू कसा दिसला असेल, त्यांना त्याच्याकडून काय हवं होतं, ते.

१९९३ साली एका लग्नासाठी मी पहिल्यांदा पंजाबातल्या एका खेड्यात राहिले. तिथं दोन गुरुद्वारे होते. एक जमीनदारांचा, एक त्यांच्या शेतावर राबणाऱ्यांचा. स्मशानंही दोन. ज्या ग्रंथापुढे दोन्हीकडे माथा टेकला जात होता, त्याच्या १,४३० पृष्ठांत रविदास चांभार आहेत, कबीर विणकर, नामदेव शिंपी, सैन न्हावी, सधना खाटीक. मी परत येऊन ग्यानीजींपुढे अक्षरशः ओरडले. हा कुठला धर्म? लंगरात एका पंगतीला बसवायचं आणि चितेला वेगळी जागा?

ते ऐकत राहिले. मग म्हणाले, “लायलपूरमध्ये मी विशीत होतो. एक मजहबी, म्हणजे दलित, शीख होता, माझ्याच बरोबर संथिया घेणारा. त्यानं घरी जेवायला बोलावलं. मी पोट दुखतंय म्हणालो.” थांबले. “माझं पोट दुखत नव्हतं.”

पन्नास वर्षांनी ते मला हे सांगत होते. त्यांनी धर्माची बाजू घेतली नाही, समाजाला नावं ठेवली नाहीत. दोष कुठे आहे असं मी विचारत होते, आणि त्यांनी मला त्याचा पत्ता दिला, स्वतःच्या घरचा.

१९९८ च्या थंडीत ते गेले. शेजाऱ्यांनी मला निरोप धाडला: ‘दर्पण’चे खंड गुरुद्वाऱ्याला द्यायला सांगितलेत, आणि वही तुम्हाला.

आता मला माझी एक चूक सांगितली पाहिजे. ती वही मी घरी आणली, रेशमी रुमालात गुंडाळली आणि माळ्यावरच्या पेटीत, पोथीशेजारी ठेवली. दर संक्रांतीला काढायचे, धूळ पुसायचे, कपाळाला लावायचे, ठेवून द्यायचे. उघडली नाही. ज्या माणसानं मला विचारायला शिकवलं, त्याच्याच वहीची मी सतरा वर्षं पूजा मांडली. मला भीती वाटत होती. त्यांना मी कदाचित डोळसपणे पाहिलं नसेल, आणि वहीत काही वेगळाच माणूस निघेल, ही भीती. बीजीनं जे जपजीचं केलं तेच मी वहीचं केलं.

२०१५ च्या एप्रिलमध्ये घुमानला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं, अठ्ठ्याऐंशीवं. गुरदासपूर जिल्ह्यातलं हे गाव नामदेवांच्या पंजाबातल्या वास्तव्याचं. त्यांची समाधी तिथं असल्याचं पंजाबी माणूस मानतो. वारकरी त्यांना पंढरपुरात, महाद्वारातल्या पायरीशी नमस्कार करतो. संमेलनासाठी मी नांदेडहून सचखंड एक्स्प्रेसनं निघाले. दीड दिवसाचा प्रवास. निघताना काय वाटलं कुणास ठाऊक, पेटी उघडली आणि वही पिशवीत टाकली.

मनमाड गेल्यावर मी रुमाल सोडला.

वहीत तीन रकाने होते. पहिल्यात शब्द. दुसऱ्यात उस्तादांनी सांगितलेला अर्थ, आणि काही ठिकाणी त्याखाली साहिबसिंगांचा वेगळा अर्थ. दोन्ही, एकही न खोडता. तिसऱ्या रकान्यावर लिहिलं होतं ‘मैंनू’, म्हणजे मला. स्वतःला जे कळलं ते. तो रकाना बहुतेक ठिकाणी कोरा होता. पानामागून पान कोरा. इतक्या वर्षांचा ग्रंथी, आणि ‘मला कळलं’ असं त्यानं इतक्या थोड्या ठिकाणी लिहिलं होतं.

‘ताचे’ सापडलं. दोन अक्षरांखाली त्यांना जोडणारी छोटी कमान काढलेली. तिसऱ्या रकान्यात: “मराठी. कुड़ी ने दस्सिया.” पोरीनं सांगितलं. आणि १९८१ ची तारीख. माझं नाव कुठे नव्हतं, पण उधारी नोंदवलेली होती. मी त्यांची ऋणी आहे असं समजत इतकी वर्षं जगले, आणि त्यांच्या वहीत मी सावकार होते.

मागच्या पानांवर शब्दांऐवजी वाक्यं होती. मी ओळखली. ती माझी होती. ‘उंबरठा भावाचा, माझा का नाही?’ ‘नाम का अर्थ?’ ‘चितेला वेगळी जागा का?’ अवघड शब्द उतरावेत तसे त्यांनी माझे प्रश्न तारखांसकट उतरवून ठेवले होते. सगळ्यांपुढचा तिसरा रकाना कोरा. मी बोलत होते तेव्हा ते ऐकून सोडून देत नव्हते. आपल्याला न कळलेल्या गोष्टींच्या यादीत त्यांना जागा देत होते.

भोपाळ मागे पडलं, डब्यातले दिवे मालवले. मी मोबाइलच्या उजेडात वाचत होते. एका पानावर एकच शब्द होता: ‘सरबत’. दुसऱ्या रकान्यात अर्थ: सारे. तारीख नोव्हेंबर १९८४. तिसऱ्या रकान्यात वेगळ्या शाईनं, वळण थोडं थरथरलेलं, दोन शब्द: “ओह वी.” तेसुद्धा. त्याखाली साल, १९९१.

सात वर्षं. सत्तेचाळीसपासून मोजली तर चव्वेचाळीस. तोवर त्यांनी तो रकाना भरला नव्हता, रोज अरदास करत असूनही.

आज माझे केस पुन्हा लांब आहेत. ते भीतीनं नाहीत याची मला खात्री आहे. श्रद्धेनं आहेत की आठवणीनं, याची नाही. मी सकाळी पाठ करते. चमत्कारांविषयी मला कुणी विचारलं तर ‘साखीत असं येतं’ म्हणते. घुमानला समाधीपुढे उभी राहिले तेव्हा नामदेव इथं आहेत की पायरीशी, हा प्रश्न माझ्याबरोबर होता, आणि तो घेऊनच मी माथा टेकला.

पण त्याआधीची एक गोष्ट राहिली. अमृतसरच्या वाटेवर गाडी दिल्लीला थांबते. पूर्वी दोनदा मी त्या वाटेनं गेले होते, आणि दोन्ही वेळा खिडकी लावून, डोक्यावरून ओढणी घेऊन, स्टेशन जाईपर्यंत भिंतीकडे तोंड करून बसले होते. या वेळी, वही वाचून झाल्यावर दुसऱ्या दिवशी दिल्ली आली तेव्हा मी फलाटावर उतरले. एका टपरीवर चहा मागितला. विकणारा माझ्याच वयाचा होता. १९८४ साली तो कुठे होता, कुणास ठाऊक. त्यानं कप पुढे केला, सुटे पैसे परत दिले, आणि म्हणाला, “माताजी, आराम से पीजिए, गाड़ी छूटेगी तो मैं बता दूँगा.”

मी चहा प्यायले. त्यानं सांगितल्यावर गाडीत चढले. लाल वहीत माझ्यासाठी मी एक नवं पान घातलं आहे. ‘सरबत’ पुढचा माझा तिसरा रकाना अजून कोरा आहे.